पेटीवरचा चारचा आकडा

३ मार्च, सोमवार

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. गठुडं पण बरं आहे. पाच महिन्यांचं झालं. आता पालथं पडतं, आणि पालथं पडलं की उताणं होता येत नाही म्हणून बोंब मारतं. फोन केला असता, पण फोन यांच्याबरोबर गाडीवर असतो, आणि हे घरी आले की सासूबाई शेजारीच बसलेल्या. काही गोष्टी त्यांच्यासमोर तोंडातून निघत नाहीत. अक्षर समजून घे. सातवीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं.

एक विचारायचं होतं. तू आमच्या हॉस्पिटलात पेट्या बसवायला आली होतीस ना, आणि तेव्हाच मेट्रनबाईंना सांगून मला कामाला लावलंस. त्यातली दूधखोलीतल्या कपाटावरची पेटी, कपाट किती गार आहे ते आकड्यात दाखवते ती. ती आपोआप बंद पडते का? म्हणजे कुणी काही न करता?

झालं असं. दूधखोलीत बाकीच्या आयांनी दिलेलं दूध बाटल्यांत भरून ठेवतात. काचेतल्या बाळांना, म्हणजे दिवस भरायच्या आत आलेल्यांना, ते पाजतात. गेल्या गुरुवारी सकाळी नर्सबाई आल्या तर कपाटाचं दार बोटभर उघडं आणि बाटल्या कोमट. घाबरून त्यांनी आधी पेटीचं बटण बंद केलं, चालू केलं. लगेच चौदाचा आकडा आला आणि घंटा वाजायला लागली. एकतीस बाटल्या मोरीत ओतल्या. ओतायला मलाच सांगितलं.

आता सगळं आक्कांवर आलंय. आक्का म्हणजे दूधखोली सांभाळतात त्या, अठरा वर्षं तिथेच. आदल्या दिवशी, बुधवारी, संध्याकाळी सहाला त्यांनी वहीत लिहिलंय, चार. चार म्हणजे बरोबर गार. आक्का म्हणतात पेटीवर चारच होता. मेकॅनिक म्हणतो पेटीच्या आतली नोंद दुपारी तीन चाळीसलाच थांबलीय. मेट्रनबाई म्हणाल्या, "घंटा वाजली असेल, हिनं बटण बंद केलं, आणि आकडा मनाने लिहिला. पेटी कशाला खोटं बोलेल?" बटण सकाळी आधी चालू होतं का बंद, ते नर्सबाईंना आठवत नाही.

आक्कांना घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत.

तर मला एवढंच कळव, अशी पेटी स्वतःहून बंद पडते का. पडत असेल तर बरं होईल. आत्याला नमस्कार.

तुझी भिंगरी


९ मार्च, रविवार

भिंगरे,

पत्र वाचून आधी हसले. पोस्टमन पण हसला असेल. पाकिटावर पत्ता लिहिलास, शहराचं नावच नाही. पिनकोडवर आलं बिचारं.

स्वतःहून बंद पडते का? पडायला नको. पण गंमत बघ, तुमची तीच पेटी शुक्रवारी माझ्या टेबलावर आली. हॉस्पिटलने तपासायला पाठवलीय, आणि आतला सगळ्यात खालचा प्रोग्रॅम, ज्याला कर्नेल म्हणतात, तो बघणारी इथे मीच.

पेटी कोसळते तेव्हा कोसळता कोसळता चार ओळी लिहून ठेवते. त्या मिळाल्या. तुला समजेल असं सांगते. कर्नेल म्हणजे घरातला कर्ता माणूस समज. कुणी म्हटलं तापमान आण, की तो खिशातली चिठ्ठी काढतो. चिठ्ठीवर पत्ता असतो, तापमानाची तार अमुक ठिकाणी आहे. तिथे जातो, आकडा घेऊन येतो. त्या दिवशी त्याने चिठ्ठी काढली ती कोरी. कोऱ्या चिठ्ठीला आम्ही नल पॉइंटर म्हणतो. शहाणा माणूस कोरी चिठ्ठी बघून परत फिरेल. हा बावळट कोऱ्या पत्त्यावर चालत सुटला आणि विहिरीत पडला.

चिठ्ठी कोरी का झाली, ते कळत नाही. आमचे साहेब म्हणतात, बटण खटकन बंद केलं तरी असलं काहीतरी होऊ शकतं. म्हणजे तुमच्या मेट्रनबाई म्हणतात तेच. मला पटत नाही, पण माझ्या पटण्याला कोण विचारतो?

तू एक कर. त्या बुधवारी दुपारी कपाटातल्या तारेला कुणी हात लावला होता का, एवढं हळूच विचारून कळव.

आणि तू का घाबरतेस गं? तू फरशी पुसणारी. बाटल्या ओतायला लावल्या म्हणून जीव थोडा झाला असेल. पोर अंगावर पितंय, असल्या विचारांनी दूध आटेल हो. नीट जेव.

ताई


१३ मार्च, गुरुवार

ताई,

तारेला कोण हात लावणार? मी विचारलं. सगळ्या नाही म्हणतात. तू मलाच का विचारायला सांगितलंस? तुला कुणी काही बोललं का? बोललं असेल तर सरळ लिही, आडून विचारू नकोस.

दूध आटलं नाही. उलट मी आता रोज दुपारी दूधखोलीत देते, एक बाटली भरून. नवीन बाई आल्यात तिथे, त्या म्हणतात तुझं स्वतःचं पोर उपाशी ठेवशील. मी म्हटलं तिला पुरून उरतं. खरं म्हणजे नाही उरत. घरी गेल्यावर गठुडं ओढ ओढ ओढतं आणि चिडून चावतं, दात नाहीत तरी.

काचेतलं एक बाळ आहे, सगळ्यात लहान, आम्ही त्याला मूठभर म्हणतो. बाटल्या ओतल्यावर चार दिवस त्याला डब्यातलं दूध दिलं तर पोट फुगलं. निळं पडलं होतं म्हणे. आता उतरलंय. मी फरशी पुसताना काचेशी थांबते. त्याची आई रोज तिथे बसलेली असते. काल मला म्हणाली, "तुम्ही दूध देता ना, देव भलं करो तुमचं." मी बादली उचलून पळाले.

आक्का परवा चौकशीला आल्या होत्या. फाटकाजवळ गाठ पडली. वाळल्यात. मला वाटलं तोंड फिरवतील. तर म्हणाल्या, "गठुडं कसं आहे गं? अजून अंगठा सोडून चारही बोटं तोंडात घालतं का?" तीन तास बसवून ठेवलं त्यांना आत. दुपारी कुठे होतात, कपाटापाशी का नव्हतात, हेच विचारत होते. त्या काही सांगत नाहीत. "इकडेतिकडे होते," एवढंच.

पेटीचं बघ ना काहीतरी. तुझ्या हातात आहे.

भिंगरी


१८ मार्च, मंगळवार

भिंगरे,

आडून विचारत नाहीये. तुझ्याशी मी कधी आडून बोललेय? लहानपणी तू माझी शाई सांडलीस तेव्हाही सरळ पाठीत धपका घातला होता.

दहा दिवस या पेटीसमोर बसलेय. तार ओढून बघितली. एकदा नाही, दोनशे वेळा. ओढते, थांबते, बघते. पेटी नीट सांगते, तार नाही. पुन्हा घालते, पुन्हा आकडा दाखवते. कोसळत नाही. थंड करून बघितली, गरम करून बघितली. बटण खटाखट बंद-चालू केलं, तर सरळ बंद पडते, त्या चार ओळी काही लिहीत नाही. म्हणजे बटणाने झालेलं नाही. पण मग कशाने झालं, ते मी करून दाखवू शकत नाही. आणि करून दाखवता येत नाही ते आमच्यात झालेलंच नसतं.

साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत रिपोर्ट दे. तोवर काही सापडलं नाही तर लिही, पेटीत दोष आढळला नाही. ते वाक्य मी लिहिलं की आक्का घरी बसल्या त्या बसल्या, हे मला कळतं. सही माझी असेल.

एक विचारते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आक्का विचारतात, गठुडं चारही बोटं तोंडात घालतं का. तुझं पोर घरी सासूबाईंजवळ असतं. आक्का तुझ्या घरी कधी आलेल्या नाहीत, तूच मागे म्हणाली होतीस. मग आक्कांनी गठुड्याला कुठे बघितलं?

ताई


२१ मार्च, शुक्रवार

ताई,

हे पत्र वाचून फाडून टाक. नाहीतर नको फाडूस. मला कळत नाही.

त्या बुधवारी गठुडं माझ्याबरोबर होतं. सासूबाईंना ताप होता, हे गाडीवर, शेजारीण दाराला कुलूप लावून गेलेली. रजा मागितली तर सुपरवायझर म्हणतात, बाळंतपणाची घेतलीस ना, अजून किती? मी पिशवीत घातलं, वर टॉवेल टाकला आणि आणलं. चादरींच्या खोलीत खालच्या फळीवर निजवलं. पोर आणलेलं सापडलं तर त्याच दिवशी घरी, असा नियम आहे. दोघींना काढलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

साडेतीनला ते उठलं आणि भोकाड पसरलं. मी दूधखोलीबाहेर पुसत होते. आक्का आत कपाट पुसत होत्या. म्हणाल्या, "कुणाचं गं पोर रडतंय तिकडे?" रडं ऐकून माझी चोळी ओली झाली. त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "अगं भवाने! पिशवीत आणलंस?" आणि फडकं माझ्या हातात दिलं. "तू तिकडे धावलीस तर सगळ्या जगाला कळेल. मला कोण विचारतंय. तू एवढा कप्पा पूस, मी गप्प करते तिला." आणि गेल्या. सव्वाचारपर्यंत त्या माझं पोर मांडीवर घेऊन चादरींच्या खोलीत बसल्या होत्या. म्हणून त्या सांगत नाहीत, कुठे होत्या.

मी कपाट उघडलं. वरच्या एका बाटलीचं झाकण ढिलं होतं, दूध तारेवरून खाली ओघळलेलं. तार मध्ये मध्ये येत होती. आतल्या बाजूला तिला एक जोड आहे. तिथून मी ओढली, पुसलं, परत घातली. नीट बसली नाही. परत ओढली, परत दाबली. सगळं एका दमात. तेवढ्यात गठुडं जोरात किंचाळलं. दार ढकललं आणि बाहेर आले. लागलं का बघितलं नाही. गुरुवारी सकाळी बाटल्या ओतताना बघितलं तर तारेवर चिमटा बसल्यासारखी खूण. दाराच्या रबरात सापडली असणार ती. मी फडक्याने घासून बघितली खूण. गेली नाही.

अजून एक आहे. ते सगळ्यात वाईट. सहाला आक्कांनी वहीत चार लिहिला तेव्हा मी तिथेच होते, बादली घेऊन. मी पण वर बघितलं. पेटीवर चारच होता, ताई. हिरवा, स्पष्ट चार. मी बाकीचं लपवलं ते लपवलं, पण एवढं एक वाक्य तर सांगता आलं असतं, आक्का खरं बोलतात, मी पण बघितलं. त्याने माझं काही बिघडलं नसतं. तेही नाही सांगितलं. वाटलं, एक बोलले तर दुसरं विचारतील, तू तिथे काय करत होतीस.

मूठभर निळं पडलं ते माझ्यामुळे. त्याची आई मला दुवा देते.

नोकरी गेली तर घरात काय होईल ते तुला माहीत आहे. यांची गाडी महिन्यातून पंधरा दिवस उभी असते. पण आता मला भाकरी पण गिळवत नाही. तू सांग काय करू.

भिंगरी


२६ मार्च, बुधवार

भिंगरे,

तुला रागवायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या पण. मग पेटीकडे गेले आणि तू लिहिलंस तसं केलं. ओढली, घातली, ओढली, दाबली. सगळं एका दमात, घाबरलेल्या बाईच्या हाताने. पाचव्या वेळी पेटी कोसळली. त्याच चार ओळी. अक्षर न् अक्षर.

दोनशे वेळा मला का जमलं नाही ते आता कळतं. मी तार ओढून शांतपणे थांबत होते. तू थांबली नाहीस. कर्ता माणूस चिठ्ठी हातात घेऊन निघाला होता, आणि वाटेत कुणीतरी ती हातातून काढून कोरी करून ठेवली. मी टेबलावर बसून काम करते, मला कुणाचं पोर रडताना ऐकू येत नाही. ज्या घाईत पेट्या वापरतात ती घाई मी कधी करून बघितलीच नाही.

आणि कोसळला तो फक्त तापमान आणणारा. स्क्रीनवाल्याला कुणी सांगितलंच नाही. तो शेवटचा आकडा धरून बसला. चार. तासभर मी समोर बसून बघत होते, चार. आक्का खरं बोलत होत्या.

आता माझं ऐक. प्रोग्रॅममध्ये चिठ्ठी वाचायच्या ओळीच्या आधी एक तपासणी असायची, चिठ्ठी कोरी आहे का ते बघ. दोन वर्षांपूर्वी ती कुणीतरी काढून टाकली. आमच्याकडे कोण काय काढतं त्याची नोंद राहते, नावासकट. मी नोंद उघडली. नाव माझं. खाली मीच ऐटीत लिहिलंय, "इथे चिठ्ठी कोरी असूच शकत नाही." तेव्हा पेट्या लवकर द्यायच्या होत्या, प्रोग्रॅम हलका करायचा होता. ती ओळ ठेवली असती तर त्या दिवशी पेटी पडली नसती. तेव्हा मूठभरचं पाप एकटीच्या पदरात बांधून घेऊ नकोस.

दुरुस्त करायला गेले तर पहिल्यांदा काय केलं सांगू? तपासणी परत घातली. चिठ्ठी कोरी असेल तर मुकाट्याने परत ये, असं सांगितलं. पेटी पडायची थांबली. साहेब म्हणाले, झालं, पाठव. मी पण खूश. मग माझं लक्ष गेलं, तार माझ्या हातात लोंबतेय, आणि पेटीवर चार. पडली नव्हती, ठणठणीत होती, आणि चार दाखवत होती. हे तर आधीपेक्षा वाईट. सगळं पुसलं. आता असं केलंय की जोवर कुणी आकडा आणायला गेलाय तोवर त्याची चिठ्ठी कुणी काढून घ्यायची नाही. आणि तार सापडली नाही तर आकडा पुसायचा, नुसत्या रेघा दाखवायच्या आणि घंटा वाजवायची. साहेब कुरकुरले. कुरकुरू देत.

रिपोर्ट आजच पाठवला. पेटीत दोष होता, तार घाईने काढून परत घातली की पेटी अडकते आणि जुना आकडा दाखवते, असं लिहिलंय. तार कुणी काढली ते लिहिलं नाही, ते माझं काम नाही. तू गप्प राहा. आक्का सुटतील, तू वाचशील. आता पोटभर जेव.

ताई


१ एप्रिल, मंगळवार

ताई,

तुझा रिपोर्ट शुक्रवारी आला. तू चांगल्यासाठी केलंस, पण इथे उलटंच झालं.

मेट्रनबाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "म्हणजे तार ओढली. कपाटाला हात लावणारी एकच, आक्का. तार हिनेच ओढली, दारही हिनेच उघडं ठेवलं, आणि आम्हाला महिनाभर सांगते मी काही केलं नाही." सोमवारी शेवटचं बोलावणं होतं. आधी खोटं लिहिलं म्हणत होते, आता खोटं बोलली म्हणायला लागले.

रविवारी मी आक्कांकडे गेले. गठुड्याला घेऊन. पत्ता शिपायाकडून घेतला. एका खोलीचं घर, जिन्याखालचं. आक्का मटार सोलत बसल्या होत्या. गठुड्याला बघून हात पुढे केले, मी दिलं नाही. म्हटलं आधी ऐका. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तार, जोड, दार, आणि सहाचा चार. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, ते तेवढं जमलं.

आक्का मटारच्या ताटात बघत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या घालतील. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणाल्या, "तू पण बघितला होतास चार?"

मी म्हटलं, हो.

"हिरवा?"

हो.

"मला वाटायला लागलं होतं," त्या म्हणाल्या, "की मी बघितलाच नाही. सगळे म्हणतात म्हणजे मीच मनाने लिहिला असेल. बटण पण मीच बंद केलं असेल आणि विसरले असेन. माझी आई शेवटी असंच विसरायची. गॅस चालू ठेवायची. मी जावयाला म्हटलं, मला डॉक्टरकडे ने, डोकं तपास."

ताई, ती बाई महिनाभर स्वतःला वेडी समजत होती. आणि मी रोज त्यांच्याच खोलीत जाऊन एक बाटली दूध देत होते आणि मनाला म्हणत होते, फेडतेय.

मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. म्हणाल्या, "पोर आण म्हटलं असतं मी शंभर वेळा. बघितलं असतं शंभर वेळा. पण तू एक शब्द बोलायचास गं. एक." मग म्हणाल्या, "जा आता. मटार राहिलेत माझे."

सोमवारी त्यांना आत बोलावलं तेव्हा मी पण मागोमाग गेले. शिपायाने अडवलं, मी त्याच्या हाताखालून गेले. मेट्रनबाई, सुपरवायझर आणि एक चष्मेवाले साहेब. मी म्हटलं, तार मी ओढली. आक्का तेव्हा माझं पोर घेऊन बसल्या होत्या.

"पोर हॉस्पिटलात आणायचं नाही, माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"ठेवायला दुसरी जागा नव्हती."

सुपरवायझर खिडकीबाहेर बघायला लागले. चष्मेवाल्यांनी आक्कांना विचारलं, "तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत? कमीत कमी ही कपाट पुसत होती एवढं?" आक्का म्हणाल्या, "हिनं काही केलं असेल असं वाटलंच नाही. मला वाटलं मीच केलं."

चष्मेवाल्यांनी फाइल मिटली.

मला बाहेर बसवलंय. म्हणजे कामावरून. काय ते कळवतील. यांना रात्री सांगितलं. हे म्हणाले, "आधी मला सांगायचंस. मी काय राक्षस आहे का?" राक्षस नाहीत. पण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तर यांना कुठून सांगणार.

तुझ्यावर राग नाही. तू नाव लिहिलं नाहीस ते माझ्यासाठी. पण नाव मोकळं ठेवलं की लोक जवळचं माणूस तिथे भरतात.

भिंगरी


७ एप्रिल, सोमवार

भिंगरे,

तुझं पत्र साहेबांच्या केबिनबाहेर उभी राहून वाचलं. मग आत गेले.

रिपोर्ट परत लिहिला. या वेळी त्यात लिहिलंय की ती तपासणी दोन वर्षांपूर्वी मी काढली, माझ्या नावासकट आणि तारखेसकट. साहेब म्हणाले, कंपनीचं नाव जाईल. मी म्हटलं, तिकडे एका बाईचं डोकं जायची वेळ आली होती. आता मला नवीन काम देत नाहीत. जुन्या पेट्या एकेक बोलावून नवा प्रोग्रॅम घालायला बसवलंय. एकशे ऐंशी आहेत. घालतेय. प्रत्येकीची तार तुझ्यासारखी ओढून बघते.

आईला तुझं सांगितलं नाही. सांगू?

मी तुला गप्प राहा म्हटलं होतं. ते वाक्य तू विसर.

ताई


२४ एप्रिल, गुरुवार

ताई,

आत्याला सांग. खुशाल सांग. आता लपवायचा कंटाळा आलाय.

मला काढलं नाही. दूधखोलीत आणि काचेच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, आणि वर्षभर लेखी ताकीद. धुलाईत टाकलंय. खाली तळघरात. वाफेने जीव जातो, पण काम आहे. सुपरवायझर परवा जाताना पुटपुटले, चादरींच्या खोलीशेजारची रिकामी खोली आयांच्या पोरांसाठी उघडायचा अर्ज वर गेलाय म्हणून. होईल तेव्हा खरं.

मूठभर घरी गेलं. टोपी मोठी होती त्याला, डोळ्यांवर येत होती. मी जिन्यातून बघितलं. त्याच्या आईला मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? तिचा पत्ता मला माहीत नाही आणि मी विचारला पण नाही. हे एक राहिलंय, ते असंच राहील असं वाटतं.

आक्का सोमवारपासून परत आल्या. त्यांना पगारासकट घेतलं. नवीन पेटी बसलीय. मेकॅनिकने सगळ्यांना तार ओढून दाखवली, रेघा आल्या, घंटा वाजली, नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मी धुतलेल्या चादरी गाडीवर घालून वर आणते, दूधखोलीच्या दारापर्यंत. आत जायचं नाही म्हणून दारातच उतरवते. आक्का बोलतात माझ्याशी. किती चादरी, कुठल्या फाटल्या, एवढं. गठुड्याचं विचारत नाहीत.

काल त्या बाटल्या ठेवत होत्या. ठेवल्या, दार लावलं. मग परत ओढून बघितलं. घट्ट होतं. दोन पावलं मागे आल्या, परत गेल्या, परत ओढून बघितलं. पेटीवर आकडा बघितला, वहीत लिहिला, आणि नर्सबाईंना हाक मारली. "बाई, जरा बघता का, किती दिसतोय?" नर्सबाई म्हणाल्या, "चार की. तुम्हीच लिहिलाय." "हो, पण तुम्ही बघा," म्हणाल्या, आणि त्या येऊन बघेपर्यंत कपाटापासून हलल्या नाहीत. नवीन बाई सांगत होत्या, प्रत्येक वेळी असंच करतात. दिवसातून आठ वेळा.

तू पेटी नीट केलीस ताई, चांगली केलीस. मी काय करू ते मला कळत नाही. पुढच्या खेपेला मी दारातूनच म्हटलं, आक्का, चारच आहे, मी पण बघतेय. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पण नर्सबाईंना हाक न मारता सही केली आणि पेन खाली ठेवलं.

भिंगरी